म्हैस पान्हवणारी चाल

स्पर्धा रविवारी सांगलीत, आणि शुक्रवार सरत आला तरी राजनंदिनीच्या गिटारचा सोलो काही जागेवर येईना. बँडचा म्होरक्या वीरधवल मिरजेचा. त्यानं फोनवर स्पष्टच सांगितलं, "उद्याच्या तालमीत बसला तर ठीक, न्हाईतर ती जागा कीबोर्डला देतो."

गाणं होतं कुस्ती मारून गावी परतणाऱ्या पोरीचं. शेवटचं कडवं झालं की नुसती गिटार, आणि तेवढ्यात सगळा गाव गुलाल घेऊन वेशीवर आला पाहिजे. राजनंदिनीनं मेजर स्केल लावून पाहिली, तर धुण्याच्या पावडरीची जाहिरात झाली. मायनर लावली, तर पोरगी हरून आली की काय असं वाटायला लागलं. मग मोठ्या हौसेनं लिडियन, म्हणजे आपला कल्याण थाट, धरला. त्यातला तीव्र मध्यम असा तरंगला की पोरगी गावात पोचेचना. तिला आता रडू यायचं तेवढं बाकी होतं.

शनिवारी सकाळी, वडूजच्या घरामागं तिचे वडील धनाजी धार काढत होते. उभी नोकरी लष्कराच्या बँडमध्ये बॅगपाइप वाजवण्यात गेलेली. बॅगपाइप सुटला, पण त्याच्या मार्चची शिट्टी सुटली नाही, आणि ती कानावर पडल्याशिवाय म्हैस पान्हवत नसे. राजनंदिनी एकदा हौसेनं धारेला बसली आणि लाथ खाऊन उठली होती.

शिट्टी रोजचीच, म्हणून तिकडं तिचं कधी लक्षच जात नसे. आज तोंडातला ब्रश तोंडातच राहिला. सगळे सूर शुद्ध, एकटा वरचा नी कोमल. खमाज थाट, म्हणजेच मिक्सोलिडियन. मेजरसारखी छाती पुढं, पण उगाच गोड हसणं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"तात्या, आवं, तीच चाल परत वाजवा की."

"मला न्हाई, हिला इचार," धनाजी म्हशीची पाठ थोपटत म्हणाले. पण शिट्टी वाजवली.

तालमीत सोलो बसला, आणि वीरधवलनं कीबोर्डचं नाव काढलं नाही. रविवारी राजनंदिनीनं खालची तार बॅगपाइपसारखी घुमत ठेवली आणि मार्च एकेक सूर वर चढवत नेला. कोमल नी लागला तशी सभागृहातली पावलं ठेका धरायला लागली. मग अगदी मागच्या रांगेतून एक शिट्टी तिच्या सुरात सूर मिळवून आली. लोकांना वाटलं, कुणीतरी खूश झालंय. शिट्टी कुणाची ते तिला एकटीला ठाऊक होतं.

पहिला नंबर आला. बाहेर धनाजींनी ढाल उलटीपालटी करून बघितली.

"लय ब्येस. उद्या धार तू काढ."

"ती लाथ मारती, तात्या."

"आता न्हाई मारायची. चाल आली की तुला."

सोमवारी सकाळी राजनंदिनी शिट्टी वाजवत गोठ्यात बसली, आणि म्हैस निमूट पान्हवली.