देवळापुढची वाट

दीपमालाने लॅपटॉपची तार इतक्या जोरात ओढली की टेबलावरचं जीपीएस यंत्र घसरून इंद्रजीतच्या मांडीवर पडलं. नकाशा अजून अर्धाच उतरला होता.

"अरे, क्या कर रही हो? पूरा तो होने दो."

"नको मले हा नकाशा."

इंद्रजीतने यंत्र उलटसुलट करून पाहिलं, शर्टाला पुसलं आणि टेबलावर ठेवलं. दोघं मिळून रायपूरच्या लोकांना सुटीच्या दिवशी डोंगरांवर फिरायला नेत. वर फोनला रेंज नसते, म्हणून हातात धरायची ही यंत्रं घेतली होती. पण यंत्रात चांगला नकाशा नसेल तर ती असून नसल्यासारखी. सकाळपासून दीपमालाच्या गुढियारीच्या घरात बसून दोघं दोन नकाशे लावून पाहत होते. एक फुकटचा, हौशी लोकांनी मिळून बनवलेला. त्यात उंचीच्या रेषा विरळ आणि पायवाटा जवळजवळ नव्हत्याच. दुसरा विकतचा. त्यात प्रत्येक नाला, प्रत्येक कडा, प्रत्येक पाऊलवाट. इंद्रजीतचा निर्णय केव्हाच झाला होता. मग दीपमालाने तो विकतचा नकाशा सरकवत सरकवत हिरडीवर नेला.

हिरडी तिच्या वडिलांचं गाव. गोंदियाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. भैय्यालाल रामटेके लहानपणी काकाचं बोट धरून रायपूरला आले, रेल्वेत लागले, रेल्वेतूनच निवृत्त झाले आणि पुन्हा तिकडे गेले नाहीत. मुलीला त्यांनी गाव कधी दाखवलं नाही. म्हणून डिसेंबरच्या सहलीसाठी तिने हट्टाने हिरडीचाच डोंगर निवडला होता. "तुम्ही पण चला बाबा," असं ती म्हणाली तेव्हा ते फक्त "पाहू" म्हणाले होते.

नकाशावर गावाच्या खालच्या अंगाला, नाल्यापलीकडे, घरांचे काही ठिपके होते. त्यांवर दीपमालाच्या घराण्याच्या जातीचं जुनं नाव छापलेलं होतं आणि त्याला जोडून 'टोली', म्हणजे वस्ती. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी जे नाव टाकून दिलं, तेच. फुकटच्या नकाशात ती जागा नुसती हिरवी होती, जणू तिथे झाडांशिवाय कोणी नाही.

"एकात शिवी आहे," दीपमाला म्हणाली, "अन् दुसऱ्यात आम्ही नाहीच."

"लेबल ही तो है यार." इंद्रजीतने खुर्ची पुढे ओढली. "कौन पढ़ता है? कंपनी को मेल कर देंगे. लेकिन कंटूर देखो इसके, इतना साफ़ और कहीं नहीं मिलेगा."

"तुझ्या घरावर लिहिलं असतं तर वाचलं असतं तू."

"मैंने थोड़ी लिखा है."

"तू नाही लिहिलं. तुले फक्त दिसलं नाही."

या घरात इंद्रजीत कितीदा जेवला होता, दीपमालाच्या आईच्या, कांताबाईंच्या, हातची भाजी मागून घेतली होती. म्हणूनच तिला त्याचा जास्त राग येत होता. परका असता तर तिने दार दाखवलं असतं.

आवाज ऐकून कांताबाई चहाचे कप घेऊन आल्या, त्यांच्या मागोमाग अंगणातून भैय्यालाल. दीपमालाने लॅपटॉप मिटला.

"काय होऊन राहिलं?"

"काही नाही बाबा."

"दाखव."

"काही नाही म्हटलं ना."

"मी पाहिलं तर मरून जाईन का? दाखव."

तिने लॅपटॉप उघडला. भैय्यालालनी चष्मा लावला आणि पडद्यापाशी वाकले. दीपमाला त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. त्यांनी भडकावं, टेबलावर मूठ आपटावी असं तिला वाटत होतं. तिच्या एकटीच्या रागाला ती खोली पुरत नव्हती. त्यांनी ते नाव वाचलं. ओळखीच्या स्टेशनची पाटी खिडकीतून मागे जावी, तशी त्यांची नजर त्यावरून पुढे गेली. एका तुटक रेषेवर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय आहे?"

"पगडंडी है अंकल," इंद्रजीत घाईने म्हणाला. "गाँव में से सीधी पहाड़ पर जाती है. हम लोग इसी से जाएँगे."

"देवळापुढून?"

"हाँ, मंदिर के सामने से."

भैय्यालालनी बोट उचलून नकाशावरच्या रिकाम्या जागेतून एक लांब वळण काढलं, शेतांच्या मागून, नाल्यात उतरून, गावाला पूर्ण वळसा घालून.

"आम्ही असं जात होतो. नाल्यानं. पावसाळ्यात कमरेइतकं पाणी राहे. माय डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन इकडूनच येत होती."

"अन् देवळापुढून?"

"आपल्याले जाऊ देत नव्हते. माझा मोठा भाऊ गेला एकदा."

"मग?"

"मग काय. मारलं त्याले. खूप मारलं." गाडी उशिरा आली हे सांगावं तशा आवाजात ते म्हणाले. "काका मले इकडे घेऊन आला, ते त्याच वर्षी."

कांताबाईंनी हातातला कप खाली ठेवला. "इतक्या वर्षांत मलेही नाही सांगितलं तुम्ही."

"सांगून काय करू."

दीपमालाचे कान तापले होते. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि वडिलांच्या बोटाने काढलेली वाट खट्खट् बटणं दाबत नकाशावर आखायला सुरुवात केली.

"आम्ही नाल्यानंच जाऊ. सगळे. ज्याले यायचं तो येईल, नाही तर घरी बसेल. चिखलातून चालू द्या सगळ्यांले, समजू द्या."

"ठीक है," इंद्रजीत हळूच म्हणाला. "लंबा पड़ेगा, पर ठीक है. नाले से ही चलेंगे."

"तुले कोणी विचारलं?"

"थांब," भैय्यालाल म्हणाले.

तिचे हात थांबले नाहीत.

"दीपा, थांब म्हणतो ना. नाल्यानं काहून?"

"कारण तो तुमचा रस्ता होता बाबा!"

"म्हणूनच तर." ते खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. "तुम्ही पोट्टे एक दिवस चालाल, फोटो काढाल अन् घरी याल. मी लय चाललो त्यातून. आता नाही चालत." त्यांनी बोट परत त्या तुटक रेषेवर ठेवलं. "मले इकडून ने."

दीपमालाला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं.

"पण ह्या नकाशावर ते नाव आहे बाबा."

"त्या कंपनीसंग तू भांड. चांगली भांड, सोडू नको. पण ही वाट दुसऱ्या नकाशात आहे का?"

"नाही."

"मग हाच टाक."

ती भांडली. जुन्या सरकारी नोंदींतून नाव आलं आहे, विचार करू, असं कंपनीचं गुळगुळीत उत्तर आलं. तिने त्याला उत्तर लिहिलं, मग पुन्हा लिहिलं. पुढची पत्रं न सांगता इंद्रजीतनेही स्वतःच्या नावाने पाठवली. फुकटच्या नकाशात तिने वस्तीतली घरं एकेक करून भरली. नावाची जागा मात्र मोकळी ठेवली. ते तिथल्या लोकांना विचारून लिहायचं होतं.

डिसेंबरात हिरडीच्या फाट्यावर सगळे उतरले तेव्हा गावावर धूर आणि धुकं मिसळलेलं होतं. गावात शिरताना भैय्यालाल सर्वांच्या मागे होते. देऊळ दिसू लागलं तसे ते एकेकाला मागे टाकत पुढे आले. दीपमालाने यंत्र त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

देवळासमोर, वाटेच्या मधोमध, ते थांबले. मग खाली वाकून त्यांनी बुटाची नाडी सोडली आणि सावकाश पुन्हा बांधली. मागे सगळे खोळंबले. कोणी काहीतरी विचारू लागला, तर इंद्रजीतने हाताने त्याला थांबवलं.

देवळाच्या ओट्यावर एक म्हातारा शेकोटीशी बसला होता. डोळ्यांवर हात धरून त्याने विचारलं, "कोणाकडले पाहुणे तुम्ही?"

"पाहुणा नाही," भैय्यालाल म्हणाले. "इथलाच."

आणि ते दुसऱ्या पायाची नाडी सोडायला लागले.