लाल पंच्यातली मुलगी

नीमताजला नवरी म्हणून सजवून आरशासमोर बसवलं. आपण दुसरीच्याच जागेवर बसलोय, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

काशान शहरात मुलगी बघायची ती हमामात, बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात. घरी काय, चादरीआड सगळ्याच गुणाच्या! म्हणून उपवर मुलांच्या आया आंघोळीच्या निमित्तानं यायच्या. कुणाचे केस खरे आहेत का ते ओढून बघायच्या, कुणाचे दात न्याहाळायच्या, आणि आव असा आणायच्या की आपण फक्त पाठ चोळून घ्यायला आलोय. मखमल विणणाऱ्या लुत्फअलीची आई, बीबी खावर, अशीच एका मंगळवारी येऊन गेली. दोन दिवसांनी तिच्याकडची मध्यस्थ बाई नीमताजच्या काकांच्या दारात हजर झाली. म्हणाली, "लाल पट्ट्यांचा पंचा नेसलेली मुलगी आमच्या बीबींना पसंत आहे."

आता हा लाल पंचा होता काकांच्या मुलीचा, जिवरचा. हमामात शिरताना तो जिवरच्याच अंगावर होता. मग त्यावर मेंदी सांडली, तसा तिनं तो नीमताजकडे फेकला. "हा तू नेस, आणि घरी गेल्यावर धुऊन टाक," म्हणाली, आणि नीमताजचा स्वच्छ पांढरा पंचा स्वतः गुंडाळून बसली. नीमताज आईबापाविना काकांकडे वाढलेली. असल्या अदलाबदली तिच्या अंगवळणी पडल्या होत्या.

"मलाच बघितलं असणार," जिवर हसत म्हणाली. "मी आत शिरले की निम्मा हमाम माझ्याकडे बघतो. तुझ्याकडे बघायला त्या म्हातारीला काय वेड लागलंय?"

तिचं बोलणं लागलं, पण खोटं वाटलं नाही. नीमताजच्या डाव्या गालावर खजुराएवढा वण होता. लहानपणी सालकाचा चिघळणारा फोड झाला होता. तो फोड आला की वर्षभर हटत नाही आणि गेला तरी जन्माची खूण ठेवून जातो. या गालापायी दोन स्थळं दारातूनच परत गेली होती.

पण जिवरचं तर गालिचेवाल्यांकडे ठरलेलं. मर्जानकाकूनं क्षणभर विचार केला आणि निकाल लावून टाकला. "लाल म्हणजे लाल. त्या दिवशी घरी परतताना लाल पंचा कुणाच्या बोचक्यात होता? हिच्या. मग झालं तर! आणि तू गं, तोंड उघडलंस तर याद राख. एकदा निकाह लागला की कोण परत पाठवतंय?"

लग्न ठरल्याची मिठाई वाटायच्या दिवशी काकूनं चादरीची कड नीमताजच्या गालावर अशी ओढून ठेवली की तिला धड श्वासही घेता येईना. बीबी खावर आली, शेजारी बसली आणि कितीतरी वेळ नीमताजचा हात स्वतःच्या मांडीवर धरून राहिली. आई गेल्यापासून इतका वेळ कुणी तिचा हात धरला नव्हता. नीमताजला वाटलं, आत्ता सांगावं. पण काकू समोरच बसली होती. नीमताज मूग गिळून गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्याची तिला पुढे तीन आठवडे लाज वाटत राहिली.

आणि आज लग्न. खोलीत चाळीसेक बायका. पडद्यापलीकडे मुल्ला, नवरदेव आणि पुरुषमंडळी. नवरीनं होकार दिला की लुत्फअली आत येणार, आणि रीतीप्रमाणे तिचं तोंड पहिल्यांदा बघणार ते या आरशात.

मुल्लानं विचारलं, "मुली, मी तुझ्या वतीनं होकार देऊ का?"

"नवरी फुलं वेचायला गेलीय!" बायका एका सुरात ओरडल्या.

त्यानं पुन्हा विचारलं.

"नवरी गुलाबपाणी आणायला गेलीय!"

तिसऱ्यांदा विचारल्यावर 'हो' म्हणायचं. नीमताजनं आरशात पाहिलं. जाळीआडूनही वण दिसत होता. नवऱ्यानं तोंड फिरवलं असतं तर तिनं सोसलं असतं. तोंडं फिरवलेली तिनं पाहिली होती. पण ज्या बाईनं आपला हात इतका वेळ धरला, तिला फसवून तिच्या घरात शिरायचं? तिनं तोंडावरची जाळी वर केली आणि ती बीबीकडे वळली.

"बीबी, थांबा. तुमची चूक झालीय. तुम्ही पाहिलीत ती जिवर. लाल पंचा तिचा होता, मी तो मागाहून नेसले. माझ्या गालाकडे बघा, आणि मग काय ते ठरवा."

मर्जानकाकूनं कपाळावर हात मारला. पडद्यापलीकडे मुल्ला खाकरला.

बीबी खावर बघत होती, पण नीमताजकडे नाही. तिच्या कानाच्या बाजूला, रिकाम्या जागेकडे. मग तिनं हात पुढे केला, चाचपडला, तो आधी खांद्याला लागला, मग हनुवटीला.

"मी काय बघू, पोरी?" ती म्हणाली. "तीन वर्षं झाली, मला दिसत नाही."

खोलीत कुजबुज सुरू झाली.

"करा, कुजबुज करा," बीबी म्हणाली. "घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. घरातल्या वस्तू ठरल्या जागी ठेवते, पावलं मोजून चालते. कळलं असतं तर मला कोपऱ्यात बसवून नुसतं जेवायला घातलं असतं. त्या दिवशी हमामात पायरी सापडेना म्हणून उभी राहिले. एका मुलीनं माझा हात धरला, खाली उतरवलं, अंगावर पाणी घातलं, आणि एका शब्दानं विचारलं नाही की बाई, तुला दिसत नाही का? मी पाठ चोळणारीला विचारलं, ही काय नेसलीय गं? ती म्हणाली, लाल पट्ट्यांचा पंचा. लाल मला तेवढंच ठाऊक."

"त्या तुम्ही होतात? वाफेत मला चेहराच दिसला नव्हता. पण हा गाल..."

"अगं, निघताना मी तुझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले की नाही? डोळे गेलेत, ओठ शाबूत आहेत. वण तेव्हाच कळला. मी म्हटलं, असू दे."

पडद्यापलीकडून लुत्फअलीचा आवाज आला. "आई? तीन वर्षं?"

"गप बस रे. तुझं लग्न लागतंय."

बायका हसल्या, दोघीतिघींनी डोळे पुसले. नीमताजला मात्र हसूही येईना आणि रडूही. तीन वर्षं जिवापाड जपलेलं गुपित या बाईनं चाळीस जणींसमोर उघडं केलं होतं, तेही एका वण असलेल्या पोरक्या मुलीसाठी. इतकं आपल्यासाठी आजवर कुणी केलं नव्हतं. देवाचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत ते तिला सुचेना.

मर्जानकाकूला आता घाई झाली होती. कुणाचं मन पालटायच्या आत होकार मिळाला पाहिजे. तिनं रंगीत दोऱ्याची सुई काढली, नवरीच्या डोक्यावर धरलेल्या कापडाला टोचली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "सांगा गं, काय शिवू?"

"सासूची जीभ शिव!" बायका ओरडल्या.

"नको," नीमताज म्हणाली. "काकू, सुई ठेवा. यांची जीभ कुणी शिवायची नाही."

"पस्तावशील हो," बीबी म्हणाली. "मी फार बोलते."

"बोला."

मुल्लानं तिसऱ्यांदा विचारलं. काकांच्या परवानगीनं, असं म्हणायचं तिला पढवून ठेवलं होतं. नीमताजनं बीबीचा हात आपल्या गालावर घट्ट धरला आणि पडद्यापलीकडे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या आईच्या परवानगीनं, हो."

"कुठली आई?" मुल्ला गोंधळून म्हणाला. "हिची आई तर वारली ना?"

"आहे मी इथं," बीबी खावर म्हणाली. "दिली परवानगी."