टोपी, शिंपीकाका आणि ओठांतल्या टाचण्या

मी टोपी बोलतेय. उन्हात घालायची नव्हे हं. माझ्या जाळीदार कापडात बटणांएवढ्या चकत्या बसवल्यात आणि मागे वायरींचा लांबलचक शेपटा आहे. डोक्यावर चढवून चकत्यांखाली थंडगार जेल भरलं, की मेंदूतल्या विजेच्या बारीक लहरी मला ऐकू येतात. मला घालून आरशात बघितल्यावर हसला नाही, असा माणूस अजून भेटायचाय.

पक्षाघात झाला की मेंदूच्या दोन बाजूंचं आपसातलं बोलणं बिघडतं. ते पुन्हा जुळतंय का, हे डॉक्टरीणबाई माझ्याकडून जाणून घेतात. त्यांच्या या अभ्यासात शिंपीकाका आले. उजवा हात लुळा, जीभ जड. "शिवणाचं मशीन विकून टाक," असं बायकोला सारखं म्हणायचे. "गिऱ्हाईक बघतेय हो, येईल," काकू म्हणायच्या.

तपासणीच्या खोलीतली ताई सांगायची, "काका, शर्टाला काजं करताय असं नुसतं मनात आणा." की पडद्यावर हा धुडगूस! लहरी कसल्या, नुसती खरखर. दोनदा तेच झालं. मला तर कानात कापूस कोंबल्यासारखं वाटलं. डॉक्टरीणबाई नाइलाजाने म्हणाल्या, "पुन्हा असंच आलं तर यांना अभ्यासातून वगळावं लागेल." म्हणजे अभ्यासाबरोबर मिळणारे हाताचे व्यायामही बंद. काकूंचा चेहराच उतरला.

पुढच्या वेळी काकू खोलीतच बसल्या. खरखर सुरू झाली तशा खुदकन हसल्या. "अहो, तोंडातल्या टाचण्या काढा आधी."

ताई धावतच आली.

"खऱ्या नाहीत गं. पण जन्मभर ओठांत टाचण्या धरून शिवलंय यांनी. शिवणाचं नाव काढलं की जबडा आवळलाच."

आवळलेल्या जबड्याच्या स्नायूंतल्या विजेपुढे मेंदूच्या त्या बारीक लहरींचा काय निभाव लागणार! काकांनी डाव्या हाताने ओठांतल्या नसलेल्या टाचण्या काढून काकूंच्या तळहातावर ठेवल्या. जबडा सैल सुटला आणि मला स्वच्छ ऐकू आलं. अबोला धरलेल्या जावांसारख्या त्या दोन बाजू, अडखळत का होईना, एकमेकींच्या तालावर येत होत्या. मला शेपटा हलवता आला असता तर नक्की हलवला असता.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी निकाल सांगितला, तेव्हा मी खुंटीवर वाळत होते. "दोन बाजूंचं बोलणं पूर्ण जुळलेलं नाही. पण सुरू झालंय. व्यायाम सोडू नका."

काका काकूंकडे वळले. एकेक शब्द उचलत म्हणाले, "गिऱ्हाइकाला... येऊ नको... म्हणून सांग."

"बोलावलंय कुणी त्याला?" काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत हसल्या.

माझं इलॅस्टिक आता सैल पडलंय, दोन चकत्याही बदलल्यात. जाता जाता एवढंच सांगते: माझ्याखाली बसलेला माणूस गप्प दिसला, म्हणून त्याच्या मशीनला गिऱ्हाईक शोधायची घाई करू नका.