न मेलेलं रक्त

“मेल्याच न्हाईत?” मी विचारलं.

“फार थोड्या मेल्या,” डॉक्टर प्रीती म्हणाल्या.

जालन्याच्या दवाखान्यात माझ्या गळ्यातली गाठ किरणांनी जाळायची होती. त्याआधी माझं थोडं रक्त नळीत काढून तेवढंच किरणांखाली ठेवलं होतं, पेशी किती मरतात बघायला. मी तेव्हा बाहेर चहा पीत होतो. म्हणजे माझाच एक भाग माझ्याआधी तिकडे जाऊन आला, आणि मला पत्ताही नाही.

शेजारी बसलेल्या आईने तेवढंच ऐकलं, हात जोडले आणि आमच्या गावी, शहागडला फोन लावायला बाहेर गेली.

“कल्याणराव, ही खुशीची बातमी नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारी प्रथिनं असतात. तुमच्यात ती सुस्त दिसतात. अशांना किरणांचा त्रास पुढे जास्त होऊ शकतो. गळा आखडेल, घास उतरणार नाही कदाचित. डोस कमी केला तर गाठ राहील.”

मी विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस. मोटार जळाली की बंद पडते, एवढंच मला ठाऊक. जळूनही आत बसून राहणारं काही असतं, हे नवीनच होतं.

“पूर्ण द्या,” मी म्हणालो. भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

घरी पोचलो तर दारात बाया नारळ घेऊन उभ्या. “माझ्या लेकराचं रक्त मरतच न्हाई,” आई सांगत होती. गावातले सत्तरीचे रखमाजी चक्क माझ्या पाया पडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळे गेल्यावर आईला सांगितलं, “ज्या पेशींनी मराया पाह्यजे त्याच मरून न्हाई राह्यल्या, आई. बिघडून आतच बसल्यात.”

तिने दारातले नारळ उचलून आत ठेवले. “घुटमळून राह्यल्यात म्हण की, वाट न घावलेल्या जिवावानी,” एवढंच बोलली.

सकाळी पहिल्या उपचाराला निघालो, तेव्हा तिने दहीभाताचा मुटका माझ्या गळ्यावरून उतरवला. आमच्यात घराबाहेर पडणाऱ्याला ‘जा’ म्हणत नाहीत, ‘ये’ म्हणतात. लग्नापासून आजवर तिने कुणाला ‘जा’ म्हटलं नव्हतं. तिने माझ्या गळ्यावर बोटं टेकवली आणि माझ्या तोंडाकडे न बघता हळूच म्हणाली,

“जा रे बाळांनो. झालं तुमचं. जा आता.”