सतरा नंबरची फळी

दिवाळी झाली की जंगलसाहेब बदकांच्या शिकारीला यायचा आणि त्याच्यासाठी तलावाच्या पाण्यावर बांधलेला लाकडी ओटा ठाकठीक करणं ही बकाराम सुताराची दरसालची वेठ होती. पावसाळ्यात माजलेलं शेवाळ खरवडायचं, सडक्या फळ्या बदलायच्या आणि थंडीचं दव लाकडात मुरू नये म्हणून जवसाचं तेल पाजायचं. हुकूम मालगुजार ईश्वरदासाचा, घाम बकारामचा आणि शाबासकी पुन्हा मालगुजाराची.

त्या वर्षी नव्या फळ्या मालगुजाराच्या कोठारातून आल्या. अस्सल सागवान. बकाराम एकेक फळी निरखत एकीपाशी थबकला. तिच्या टोकाला रंधा मारलेला होता. आता फळीच्या टोकाला रंधा कोण मारतो? ज्याला तिथलं काही पुसायचं असतं तोच.

बकारामनं ती फळी बाजूला काढून ठेवली. त्याचा धाकटा भाऊ सुकराम सरकारी लाकडांच्या डेपोवर राखणदार होता. तीन वर्षांपूर्वी तिथून सागाचा एक ओंडका नाहीसा झाला. त्याच्या टोकावर सरकारी हातोड्याचा शिक्का आणि सतराचा आकडा ठोकलेला होता. सुकरामला तो विकताना मी डोळ्यांनी पाहिलं, अशी धडधडीत खोटी साक्ष मालगुजारानं दिली आणि सुकराम भंडाऱ्याच्या तुरुंगात गेला. बकाराम भेटायला गेला तेव्हा त्यानं कोळशानं फरशीवर तो आकडा काढून दाखवला आणि म्हणाला, "दादा, हा जेथं दिसंल तेथं चोर हाय." बकाराम अंगठेबहाद्दर, पण तेवढी एक आकृती त्याच्या डोक्यात पक्की बसली.

तेव्हा पौष महिना होता. सुकराम आत कुडकुडत होता. बकारामनं नेलेलं घोंगडं शिपायांनी परत केलं, तेव्हा तो मालगुजाराच्या पाया पडला, एक शब्द टाका म्हणाला. मालगुजार पान चघळत म्हणाला, "लाकूड चोरलं ना त्यानं? पेटवून शेक म्हणा." महिन्याभरात सुकराम गेल्याची खबर आली.

ते बोलणं बकाराम एक दिवसही विसरला नव्हता.

सुकरामची विधवा रुख्मा भासऱ्यापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, कधी तोंड उघडत नसे. फळीचं ऐकलं तेव्हा मात्र ती दाराआडून बोलली, "एक फळी सडकीच ठेवा. पाय ठेवंल अन् पाण्यात जाईल मुडदा."

"बुडला तं सुटला तो," बकाराम म्हणाला. "मले त्याले जित्ता पाह्याचं हाय. थंडीत."

लाकडावर हातोडीचा पोचा पडला तर सुतार त्यावर ओलं फडकं ठेवतो आणि वरून तापलेलं लोखंड टेकवतो. दबलेलं लाकूड फुगून वर येतं. रंध्यानं वरचा थर जातो, खाली दबलेलं तसंच राहतं, हे मालगुजाराला कुठून ठाऊक असणार? त्यानं जन्मात कधी लाकडाला हात लावला नव्हता. बकारामनं त्या टोकावर तीनदा फडकं ठेवलं. आधी शिक्क्याची कड उमटली, मग आकडा. तोच, कोळशानं काढलेला. तो बराच वेळ त्यावरून बोट फिरवत बसला.

ती फळी त्यानं अशी ठोकली की तिचं टोक पायऱ्यांच्या बाजूला, चढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यावं. बाकी सगळ्या ओट्याला दोनदा तेल पाजलं. त्या टोकाला मात्र नुसता चिखल फासला. मालगुजार येऊन वरून बूट आपटून गेला. तेलाची चमक पाहून खूश झाला.

साहेब आला त्या सकाळी बकाराम हातात ओलं फडकं घेऊन पायऱ्यांपाशी उभा राहिला. लाकूड सुतारानं आणलं, एवढं मालगुजार म्हणाला की संपलं. मग भावामागोमाग त्यालाच भंडाऱ्याची वाट धरावी लागणार होती. म्हणून लाकूड माझं, हे आधी मालगुजाराच्याच तोंडून निघायला हवं होतं.

साहेबानं फळ्यांकडे पाहून लकडी बढिया है म्हटलं, आणि मालगुजाराची छाती फुगली.

"घर की है हुजूर. मेरे बगीचे का सागौन. सामने खडे रहके चिरवाया."

चपराशी, पाखरं उठवणारे हाकेवाले, गावचा कोतवाल, सगळ्यांनी ते ऐकलं. मग बकाराम वाकला, साहेबाचा पाय घसरेल असं पुटपुटला आणि टोकावरचा चिखल पुसला.

असले शिक्के पाहण्यात त्या साहेबाची उमर गेली होती. तो खाली वाकला. बोटानं चाचपून त्यानं आकडा मोठ्यानं वाचला आणि डेपोचं जुनं रजिस्टर मागवलं. त्यात सतराच्या ओंडक्यापुढे चोरीची नोंद होती. मालगुजारानं तेव्हा सुताराचं नाव घेऊन पाहिलं, पण त्याचंच बोलणं त्याला आडवं आलं. बदकं त्या दिवशी वाचली.

चौथ्या दिवशी पहाटे मालगुजाराला छकड्यात बसवून दोन शिपाई भंडाऱ्याला निघाले. तलावावर धुकं दाटलं होतं. शिपायांनी त्याला अंगावरच्या सदऱ्यानिशीच उचललं होतं. त्याचे दात वाजत होते. वाटेत बकाराम उभा दिसला, तसा तो पहिल्यांदाच नरमाईनं बोलला, "बकाराम, तुहं घोंगडं देजो बापा. लय थंडी हाय."

बकारामच्या खांद्यावर तुरुंगातून परत आलेलं तेच घोंगडं होतं. ते त्यानं आपल्या अंगाभोवती नीट लपेटून घेतलं.

"लाकूड तं तुमच्याच घरचं हाय ना, मालक?" तो म्हणाला. "पेटवून शेकजा."