तिच्या आवाजातलं शेवटचं प्रकरण

मी एक टॅब आहे. पाटीएवढा, एका कोपऱ्यात काच तडकलेला. कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते लेकीने मला या घरी आणलं तेव्हापासूनचं.

घर तिच्या वडिलांचं, बाइंडरकाकांचं. जन्मभर त्यांनी लोकांची फाटकी पुस्तकं शिवली. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. पण शिवताना कुणाचं सुटं पान मागे राहिलं, तर दोन गल्ल्या चालत जाऊन परत देणारा माणूस.

त्यांची बायको शिक्षिका. निवृत्त झाल्यावर तिने एका कंपनीसाठी एक आख्खी कादंबरी वाचून दिली आणि वर्षाच्या आत ती गेली. लेकीने ते बोलकं पुस्तक माझ्यात घेतलं. बटणावर लिहिलं होतं, ‘कायमची खरेदी’. काकांनी त्याखाली बोट धरून दोनदा वाचलं.

दर रविवारी दुपारी ते मला तिच्या खुर्चीत उशीला टेकवायचे आणि एकेक प्रकरण ऐकायचे. पान उलटण्याआधी तिच्या ओठांचा बारीकसा आवाज यायचा. काका पुटपुटायचे, “लावली थुंकी बोटाला. हजारदा सांगितलं, पान खराब होतं.”

शेवटचं प्रकरण आलं, तेव्हा त्यांनी मला थांबवलं. पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा झालं. लेकीने विचारलं तर म्हणाले, “ते राहू दे. संपलं की ती पुन्हा जाईल.”

“मग बाबा, निदान माझ्या फोनवर उतरवून ठेवते.”

“कशाला? कायमचं घेतलंय ना आपण? वर चोरी कशाला करायची?”

एका रविवारी पुस्तकाचं चित्र करडं झालं. खाली ओळ आली, ‘हे पुस्तक आता उपलब्ध नाही’. काकांना वाटलं, माझीच बॅटरी उतरली. त्यांनी मला धोतराच्या सोग्याने पुसलं, चार्जरला लावलं आणि तासभर समोर बसून राहिले. मी भरलेलाच होतो. त्यांना सांगणार कसं?

लेकीने कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी बिचारी अदबीने बोलली. म्हणाली, तुम्ही पुस्तक घेतलं नव्हतं, ऐकायची परवानगी घेतली होती. प्रकाशकाशी आमचा करार संपला, म्हणून काढावं लागलं. लेखक जाऊन दोनच वर्षं झालीत. हक्क मोकळे व्हायला साठ वर्षं लागतात.

“आणि आवाज? तो तर हिचा होता,” काका हळूच म्हणाले. लेकीने फोन केव्हाच ठेवला होता.

मग ते वाचनालयात गेले. तीच कादंबरी घेऊन आले, कागदाची, कधीतरी त्यांनीच शिवलेली. पाठीची शिवण अजून घट्ट होती. रविवारी त्यांनी मला नेहमीसारखं खुर्चीत बसवलं आणि शेवटचं प्रकरण स्वतः वाचायला घेतलं. अक्षर अक्षर लावत, अडखळत. जोडाक्षर आलं की माझ्याकडे बघायचे, ती सांगेल म्हणून.

पान चिकटलं होतं. त्यांनी बोटाला थुंकी लावली, आणि ते बोट तसंच धरून कितीतरी वेळ रडले.

शेवटचं पान त्यांनी वाचलं नाही. तिथे खुणेला दोरा घातला आणि पुस्तक माझ्या शेजारी ठेवलं. “हे पान तुझं,” म्हणाले.

लेक म्हणते, हा टॅब आता भंगारात द्या. देऊ नका हो. माझ्यात काही उरलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण रविवारी दुपारी ते कुणाशी बोलतील?