यंत्राला करंजाचे तेल

कोंडाजीने पवनेकाठची भातखाचरे बांधली, त्याच्या गेणूने ती राखली, गेणूच्या अंबाजीने ती धरणात जाताना पाहिली आणि त्याच पावसाळ्यात डोळे मिटले. अंबाजीचा हौशीराम धरणाच्या कचेरीत रोजंदारीवरचा कारकून झाला. जमीन गेलेल्या घराला तेवढाच आधार उरला होता, आणि त्यावरही काल पाणी पडले.

कचेरीचे आकडेमोडीचे यंत्र लोणावळ्याच्या साहेबांकडे पोचवायला निघालेला हौशीराम ओढ्यात घसरला. यंत्र बुडाले. तिकोणा पेठेतले घर जवळ, म्हणून त्याने ते घरीच आणले. त्याच्या आईने, धोंडाबाईने, ते पुसून चुलीच्या धगीला ठेवले आणि दातेरी चाकांत करंजाचे तेल ओतले. गाडीचा आस, कुलूप, रहाटाचा कणा, तिच्या घरात सारे याच तेलावर चालत आले होते. सकाळी यंत्राचा दांडा हलेना.

"आये, सायेब उद्या यंत्र मागत्याल. बिघडलेलं दिसलं की मला काढत्याल. दत्तोबाकाकाला बोलावतो. शिलाईची मशीन त्येच खोलून लावत्यात."

"न्हाई."

धोंडाबाईचा शब्द म्हणजे दाराचा अडसर. दत्तोबा शिंप्याची बायको बाळंतरोगाने अंथरुणाला खिळली, तेव्हा धोंडाबाईने एका मांडीवर हौशीरामला आणि दुसऱ्या मांडीवर त्यांच्या चिंगीला पाजले होते.

"पाजलेलं दूध वसूल करायला जायचं? तुज्या बाच्या घरची रीत न्हाई ती."

"दूध कोण मागतंय? मशीन दाखवतो," म्हणत हौशीराम निघाला. आईचा शब्द त्याने आजवर कधी मोडला नव्हता.

दत्तोबा आला. त्याने यंत्राचा वास घेतला.

"वहिनी, त्याल कुठलं घातलं?"

"करंजाचं. का?"

"बैलगाडी असती तर पुण्याला जाऊन आली असती! धग लागून त्याल डिंकावानी घट झालंय."

"लय शाणं झालात. करा की नीट मग!"

दत्तोबाने झाकण उतरवले, कोंबडीचे पीस रॉकेलमध्ये बुडवून एकेक चाक धुतले. दांडा सुटला. हौशीरामने नऊ लावले, त्यात एक मिळवला. एककाच्या घरात शून्य आले, दशकाच्या घरात मात्र एक चढलाच नाही.

"हातचा जात न्हाई, काका."

दत्तोबाने यंत्र उजेडाला धरले. दोन चाकांच्या मध्ये ओढ्याची वाळू अडकली होती. ती त्याने सुईने टोकरून काढली आणि मशीनचे पातळ तेल थेंबाथेंबाने सोडले. दांडा फिरला. दहा. हौशीरामने नव्याण्णवात एक मिळवला. शंभर.

"काका, काय देऊ?"

"तू मला देणार? माजी चिंगी तुज्या आयेच्या दुधावर जगली. जल्मात फिटायचं न्हाई ते."

धोंडाबाई उभी राहिली.

"फिटलं," ती म्हणाली. "माज्या पोराची भाकर राखलीत. आता एकमेकांचं काय बी देणं न्हाई. वर या."

इतकी वर्षे दत्तोबा या दारी आला की दुधाच्या उपकाराच्या ओझ्याने पायरीखाली उभा राहून, मान खाली घालून बोलायचा. आजचे कामही त्याने अंगणात उकिडवे बसूनच केले होते. धोंडाबाईने ओसरीवर घोंगडी अंथरली. त्याने पाय धुतले, टोपी सारखी केली आणि वर येऊन मांडी घालून बसला.